दोन डोळ्यांवरची छाटणी

पाहुणे आले की आम्ही सॅन होजेवाले त्यांना गोल्डन गेट, योसेमिटी अशी ठरलेली वारी घडवतो. आईला मात्र फेब्रुवारीत मी पासो रोबल्सला नेलं. आम्ही पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षवाले. बाबा आले नव्हते. ऐन हंगामात माल सोडून कोण येतं? आईचं परतीचं तिकीट पंधरा दिवसांवर आलं होतं आणि 'मुक्काम वाढव' म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो.

१०१ हायवेनं अडीच-तीन तास. इथला पाऊस हिवाळ्यातला, त्यामुळे टेकड्या हिरव्यागार आणि द्राक्षबागा मात्र उघड्याबोडक्या. छाटणी चालली होती. आई उतरून थेट कुंपणाशी. "दोन डोळ्यांवर छाटतायत. आपली खरड छाटणीच की!" आपल्याकडे एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी अशा दोन छाटण्या. इथे थंडीत वेल आपोआप झोपते, म्हणून छाटणी एकदाच. इथल्या उन्हाळ्यात दुपारी पारा ३५च्या वर जातो, पण डोंगराच्या खिंडीतून समुद्राचा वारा आत शिरतो आणि पहाटे गारठा पडतो. या चढउतारामुळे वाइनच्या द्राक्षांत गोडीबरोबर आंबटपणाही टिकतो. झिनफँडेल ही इथली जुनी ओळख. मी गाडी चालवणार म्हणून एक घोट. आईनं नुसता वास घेतला. म्हणाली, "मनुकांसारखा येतोय."

मग ४६ नंबरचा रस्ता. चढ संपला की अचानक खाली समुद्र आणि दूरवर मोरो रॉक. सॅन सिमिऑनजवळ कुरणात झेब्रे दिसू शकतात (हर्स्ट या वृत्तपत्रसम्राटाच्या खासगी प्राणिसंग्रहालयातल्यांचे वंशज), आम्हाला काही दिसले नाहीत. त्याची भरपाई पुढे पिएद्रास ब्लांकासला झाली. हायवेलगतच गाडी लावायची, तिकीट नाही, आणि कठड्याखाली वाळूत शेकडो हत्ती सील! तेलासाठी शिकार होऊन एकोणिसाव्या शतकात हा प्राणी जवळजवळ संपला होता. या किनाऱ्यावर तो १९९०मध्ये आला, १९९२मध्ये इथे पहिलं पिल्लू जन्मलं. सोंडेसारख्या नाकाचे, दोन-दोन टनांचे नर एकमेकांवर डुरकत होते. आईचं लक्ष पिल्लांकडे. निळ्या जाकिटातल्या स्वयंसेवकानं सांगितलं, ते मी मराठीत सांगत गेलो : मादी साधारण चार आठवडे दूध पाजते, तेवढ्या काळात स्वतः काहीच खात नाही. मग समुद्रात निघून जाते. पिल्लू पोहायला आपलं आपणच शिकतं.

"महिन्याभरात जाते?" आई म्हणाली. "आणि मला तू सहा महिने राहा म्हणतोस."

मी हसलो. ती हसली नाही.

चार वाजले होते, म्हणजे पिंपळगावात पहाटेचे साडेपाच. बाबा उठलेले असणारच. मी व्हिडिओ कॉल लावून सील दाखवले. त्यांनी 'हं' केलं आणि विचारलं, "बागेत गेला होता ना? छाटणी कशी करतात?"

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "दोन डोळ्यांवर," ती म्हणाली, "तोडणी कधी धरलीय? मी येतेय."

वाऱ्यामुळे बाबांचं उत्तर मला ऐकू आलं नाही.