घोड्याची ताकद आणि आस्कंदाचे मूळ

मुंबईच्या व्हिक्टोरिया 2015 सालच्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर रस्त्यावरून गेल्या, गावोगावचे टांगेही कमी झाले. तरी माथेरानचा डोंगर, लग्नाची वरात आणि सारंगखेड्याची यात्रा यांच्या आधारावर आजही अनेक घरांची चूल घोड्यावर पेटते. या धंद्यात जनावर बसले की रोजी बसली. म्हणून हंगाम संपल्यावर थकलेल्या घोड्याला काय चारावे, असे घोडेवाले अत्ताराच्या दुकानात विचारतात आणि त्यांना आस्कंद सुचवले जाते. हा सल्ला कितपत खरा आहे, हे समजून घेणे घोडेवाल्याच्या आणि दुकानदाराच्याही फायद्याचे आहे.

आस्कंद म्हणजे संस्कृतातील अश्वगंधा. युनानी हकीम तिला असगंध म्हणतात. ओल्या मुळाला घोड्याच्या अंगासारखा वास येतो, यावरून हे नाव पडले. वनस्पती वांगी-टोमॅटोच्या कुळातली आहे. मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर भागात तिची मोठी लागवड होते आणि नीमचच्या मंडीत तिचा मोठा व्यापार चालतो. ‘असगंध नागोरी’ हे नाव राजस्थानातील नागौरवरून आले आहे.

घोड्यांवर तिचा प्रयोगही झालेला आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काठेवाडी घोड्यांना 21 दिवस मुळाचा अर्क देऊन त्यांना श्रम, गोंगाट आणि एकटे ठेवणे यांचा ताण देण्यात आला. अर्क मिळालेल्या घोड्यांच्या रक्तात ताणाची लक्षणे कमी दिसली. मात्र प्रयोगातले घोडे थोडे होते आणि मुदतही लहान होती. शिवाय तो अर्क होता, बाजारातली भुकटी नव्हे. त्यामुळे आस्कंद थकवा व ताण सोसायला मदत करू शकते, एवढेच म्हणता येईल. ती रोग बरा करते, असे यातून सिद्ध होत नाही.

माल घेताना नजर हवी. मूळ जाड, टणक, गुळगुळीत असावे. मोडल्यावर आतून पांढरे व पिठूळ निघावे. काळपट, पोकळ, धाग्यांसारखी मुळे हलक्या प्रतीची असतात. भुकटीपेक्षा अख्खे मूळ घेऊन कुटून घ्यावे, कारण भुकटीत पाला मिसळला तरी ओळखता येत नाही. पाला स्वस्त असतो आणि त्याचे गुण मुळासारखे नसतात. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना दिली होती. आपल्या अत्तार बंधूंनी ‘फक्त मूळ’ असे बिलावर लिहून द्यावे. हुजूर (सल्ल.) यांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल उघड केला होता आणि असा दगा करणाऱ्यापासून आपला संबंध तोडला होता, ही गोष्ट आपण सर्व जाणतो. येथे तर फसवणूक मुक्या जनावराची होते.

चारण्याची पद्धत साधी आहे. मूळ बारीक कुटून ओल्या चंदीत कालवावे, कोरडी भुकटी तोबऱ्यात टाकू नये. मात्रा पशुवैद्याला विचारूनच ठरवावी. सुरुवात थोडक्यापासून करावी आणि लीद, भूक व चाल यांकडे लक्ष ठेवावे. गाभण घोडीला देऊ नये. दुसरे औषध चालू असेल तर आधी पशुवैद्याला सांगावे. शर्यतीच्या घोड्याला तर नियम पाहिल्याशिवाय कोणतीही जडीबुटी देऊ नये.

पण मुळाच्या आधी पोट भरले पाहिजे. घोड्याला वजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा रोज लागतो, म्हणजे 300 किलोच्या घोड्याला साडेचार किलो तरी. दिवसाला 25 लिटरहून अधिक स्वच्छ पाणी लागते. जंताचे औषध, धनुर्वाताची लस, वेळेवर नालबंदी आणि खोगिराखालच्या जखमेची काळजी यांची जागा आस्कंद घेऊ शकत नाही.

सर्वांत मोठा धोका वेळ दवडण्याचा आहे. घोड्याला उलटी होत नाही. तो पोटाकडे वळून पाहू लागला, जमीन उकरू लागला, लोळू लागला, घामाघूम झाला किंवा त्याची लीद बंद झाली तर तो पोटशूळ समजावा. अशा वेळी काढा घशात ओतणे घातक ठरू शकते, कारण तो फुप्फुसात जाऊ शकतो. चारा काढून घ्यावा आणि ताबडतोब पशुवैद्य बोलवावा. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी व फुटणारे व्रण दिसले तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. तो माणसालाही होतो. जनावर वेगळे बांधून सरकारी दवाखान्यात कळवणे कायद्यानेही बंधनकारक आहे.

जनावर ही अल्लाहची अमानत आहे. चांगले मूळ जरूर द्या, पण त्यासोबत पोटभर चारा, विश्रांती आणि वेळेवर पशुवैद्यही द्या. त्यातच धंद्याची बरकत आहे.