बिजवराची बायको, जिला नावच नाही

वहिदा रहमानचा ‘कोहरा’ (१९६४) आठवतो? तो ‘रेबेका’ या इंग्रजी कादंबरीवर बेतलेला. डाफ्ने द्यु मॉरिए यांनी ती १९३८ साली लिहिली.

रेबेका म्हणजे वारलेली पहिली बायको. गोष्ट सांगते दुसरी. तिचं नाव पुस्तकभर येत नाही. घरची कारभारीण तिला सतत पहिलीशी तोलते. नवऱ्याचा जीव पहिलीतच आहे, असं ती मनाशी धरते, पण विचारत नाही. शेवटी कळतं, त्यानंच पहिलीला मारलं. तरी ही त्याच्याच बाजूनं उभी राहते!

प्रेमापोटी खून झाकावा का? रेबेकाची बाजू कोण सांगणार? बैठकीत बोलूया. आणि दुसरेपणावर आलेल्या बाईला तिच्या नावानं हाक मारूया.