पडद्यावरच्या ठिणग्या आणि पात्यातले पाणी

अँटी-रूममधल्या टीव्हीवर सुरी घडवण्याचा कार्यक्रम लागला की चॅनेल बदलायला कोणी तयार होत नाही. भट्टी धगधगते, हातोडा पडतो, ठिणग्या उडतात. लालबुंद पाते तेलात बुडते, भडका उठतो आणि पुढच्याच मिनिटाला तेच पाते एका घावात नारळ दुभंगते. पाहायला छान वाटते यात शंका नाही. पण हे पाहून ‘सुरी अशी बनते’ असे समजून उठलो, तर अर्धेच शिकलो. कॅमेरा काय दाखवतो, काय गाळतो आणि का गाळतो, ते या लेखात पाहू. त्याचा पडताळा घेण्याची जागाही दूर नाही. ती आपल्या चेन्नईतच, एग्मोरला आहे.

प्रथम पडद्याकडे पाहू. 1982 च्या ‘कोनन द बार्बेरियन’ या चित्रपटाच्या सुरुवातीला वितळलेले पोलाद साच्यात ओतून तलवार तयार होते. दृश्य भव्य आहे, पण काशाची तलवार अशी ओतत, पोलादाची नव्हे. पोलादी पाते तापवून, ठोकून घडवावे लागते. 2015 पासून हिस्ट्री चॅनेलवर आलेला ‘फोर्ज्ड इन फायर’ हा कार्यक्रम याहून पुष्कळ प्रामाणिक आहे. त्यात खरे कारागीर असतात, पात्याला तडा गेला तर तोही दिसतो. पण तिथे पहिल्या फेरीत पाते घडवायला तीन तास मिळतात आणि वर घड्याळ टिकटिकत असते. स्पर्धेला घड्याळ लागतेच. पाहणाऱ्याच्या मनावर मात्र असे ठसते की चांगला कारागीर म्हणजे घाईत काम करणारा, घाम गाळणारा, एकटा वीर.

प्रत्यक्षात ठोकण्याचे काम हा एकूण वेळाचा लहान भाग असतो. त्यानंतर कानस, सहाण, मूठ बसवणे आणि घासूनपुसून चकाकी आणणे यात तासन्‌तास जातात. माणूस एका जागी बसून शांतपणे पाते घासतो आहे, हे दृश्य कोणी दहा मिनिटे पाहणार नाही. म्हणून ते कापले जाते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट कापली जाते आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. तिला आपल्या भाषेत ‘पाणी देणे’ म्हणतात.

पाते कोणत्या आकाराचे आहे यावर त्याची योग्यता ठरत नाही. त्याला पाणी कसे दिले यावर ठरते. साधे कार्बन पोलाद सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्याची अंतर्गत रचना बदलते. सुमारे 770 अंशांनंतर चुंबक त्याला चिकटत नाही, म्हणून अनेक कारागीर भट्टीजवळ चुंबक ठेवतात. अशा तापलेल्या पात्याला तेलात किंवा पाण्यात झटकन थंड केले की ते अतिशय कठीण होते. पडद्यावरचा भडका तो हाच. पण इथे थांबलो तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते आणि फरशीवर पडले तरी तुकडे होऊ शकतात. म्हणून ते पुन्हा तापवतात, पण या वेळी मंद, साधारण 200 अंशांच्या आसपास, तास-दोन तास. यालाच टेंपरिंग म्हणतात. घासलेल्या पात्यावर या वेळी रंग चढत जातात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. कुठल्या रंगावर थांबायचे हे काम पाहून ठरते. सुरीला पिवळा पुरे, स्प्रिंगला निळा हवा. थोडा कठीणपणा सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात चिवटपणा घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. यात ठिणगी नाही, आवाज नाही. म्हणून पडद्यावर तो जेमतेम दिसतो.

गोरखा पलटणींत जाणाऱ्यांनी खुकरीचे उदाहरण लक्षात ठेवावे. म्यानातून काढलेली खुकरी रक्त चाखल्याशिवाय परत जात नाही, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. ती दंतकथा आहे. खुकरीने लाकूड तोडतात, भाजी चिरतात आणि ती पुसून म्यानात ठेवतात. खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. नेपाळचे कामी कारागीर तापलेली खुकरी अख्खी बुडवत नाहीत. किटलीच्या तोटीतून पाण्याची बारीक धार फक्त धारेच्या कडेवर सोडत नेतात. त्यामुळे कड कठीण होते आणि पाठ चिवट राहते. तोडताना बसणारा धक्का पाठ सोसते, कापण्याचे काम कड करते. ज्याने ही किटली पाहिली त्याला खुकरी कळली.

अद्भुताची ही हौस टीव्हीने आणलेली नाही. 1825 मध्ये वॉल्टर स्कॉटने ‘द टॅलिसमन’ या कादंबरीत सुलतान सलाउद्दीनला आपल्या तलवारीने मऊ उशी आणि तलम ओढणी कापताना दाखवले. तेव्हापासून ‘दमास्कसची तलवार’ म्हणजे जादू, हे युरोपच्या मनात पक्के झाले. त्या तलवारींसाठी लागणारे पोलाद मोठ्या प्रमाणावर दक्षिण भारतातून जात असे. त्याला इंग्रजांनी ‘वूट्झ’ म्हटले. कन्नड ‘उक्कु’ म्हणजे पोलाद, त्याचाच हा अपभ्रंश मानतात. लोखंडाचे तुकडे आणि पालापाचोळा मातीच्या मुशीत बंद करून ती मूस तासन्‌तास भट्टीत ठेवत. त्यातून एक ते दोन टक्के कार्बन असलेली पोलादाची ढेप निघे. तमिळनाडूत मेल-सिरुवलूर येथे अशा मुशींचे अवशेष धातुशास्त्रज्ञ शारदा श्रीनिवासन यांनी अभ्यासले आहेत. मायकेल फॅरडे विजेकडे वळण्यापूर्वी 1820 च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्याबरोबर याच पोलादाचे रहस्य शोधत होता.

2006 मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांना एका जुन्या दमास्कस तलवारीच्या नमुन्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्या आणि ‘नेचर’मध्ये त्याची नोंद आली. लगेच ‘प्राचीन नॅनो-तंत्रज्ञान’ असे मथळे झळकले. कारागिराला त्या नळ्या ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याला खनिज, ताप आणि हाताचा अंदाज ठाऊक होता. तो थोर होता तो याच ज्ञानामुळे, आणि मथळ्यांत नेमके तेच आले नाही. आज बाजारात ‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्याही मुशीतल्या पोलादाच्या नसतात. दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून त्यांवर आम्लाने नक्षी उठवलेली असते. ते कौशल्य खरे आहे, पण वस्तू वेगळी आहे.

आता एग्मोरला चला. 1851 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या सरकारी संग्रहालयात तंजावरच्या राजवाड्यातील शस्त्रे आहेत. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापली. 1855 मध्ये तिथले शेवटचे राजे निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. शस्त्रागारातील हत्यारे, त्यांत नायक राजांच्या काळातीलही होती, पुढे इंग्रजांच्या हाती आली. निवडक मद्रासच्या संग्रहालयात गेली, उरलेली पुष्कळशी मोडून भंगारात काढली गेली. जे आज काचेआड दिसते ते वाचलेले आहे.

तंजावरच्या कट्यारींकडे नीट पाहा. मूठ अस्सल दक्षिणी, त्यावर पोलादात कोरलेली नक्षी. आणि पाते? अनेक कट्यारींचे पाते युरोपातून आलेल्या तलवारीचे आहे. ते कापून, मुठीच्या पट्ट्यांत रिव्हेट ठोकून बसवले आहे. मराठ्यांची ‘फिरंग’ हे नावच परदेशी पात्यावरून पडले. म्हणजे ‘एकाच कारागिराने एकट्याने घडवलेले शस्त्र’ ही पडद्यावरची कल्पना इथे टिकत नाही. पाते दूर देशी घडले, मूठ इथल्या लोहाराने केली, नक्षी दुसऱ्याने कोरली, म्यान तिसऱ्याने शिवले आणि शिकलगाराने वर्षानुवर्षे धार राखली. यांपैकी बहुतेकांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. हत्यार ज्याने वापरले त्याचे नाव आपण पाठ करतो. ज्यांनी ते वापरण्याजोगे ठेवले त्यांचीही आठवण असावी, विशेषतः आपल्यासारख्यांना. आपलेही हत्यार उद्या कोणीतरी आर्मोरर दुरुस्त करणार आहे.

पालकांसाठी एक सूचना. व्हिडिओ पाहून मुलाला भेट म्हणून मोठी ‘हँडमेड’ सुरी मागवण्याचा मोह होतो. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गात धरली आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. तेव्हा मागवण्यापूर्वी नियम पाहा आणि संस्थेत असे काही पाठवूच नका.

कॅडेट मित्रांनो, पुढच्या वेळी असा कार्यक्रम पाहाल तेव्हा चार प्रश्न विचारा. पोलाद कोणते आहे? पाणी दिल्यावर टेंपरिंग केले का, किती वेळ? शेवटची चाचणी त्या सुरीच्या खऱ्या कामाची आहे की नुसत्या तमाशाची? आणि मूठ, म्यान, धार कोणी केली? उत्तरे मिळाली तर कार्यक्रम चांगला समजावा.

सुट्टीच्या रविवारी सेंट थॉमस माउंट स्टेशनवरून लोकल पकडा आणि एग्मोरला उतरा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, रविवारी उघडे. कट्यारींसमोर उभे राहा आणि पाते मुठीला जिथे जोडले आहे तो सांधा शोधा. रिव्हेट मोजा, वहीत आकृती काढा. मग पुन्हा टीव्ही पाहा.