गाडीवाल्यांच्या खोल्या, चालणाऱ्यांचा मुक्काम

अमेरिकेच्या पूर्वेकडची अ‍ॅपलाचियन ट्रेल ही पायवाट जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरावर सुरू होते आणि १४ राज्यं ओलांडून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर संपते. लांबी ३,५०० किलोमीटरहून थोडी जास्त. ती सलग पुरी करायला ५ ते ७ महिने लागतात, आणि निघालेल्या चौघांपैकी साधारण एकच जण शेवटपर्यंत पोचतो. या वाटेवर पुस्तकं निघाली, चित्रपट निघाले. त्यांत अस्वलं असतात, धुकं असतं, लाकडी निवारे असतात आणि चालता चालता स्वतःचा शोध लागलेली माणसंही असतात. डोंगराखालच्या गावात हमरस्त्याला लागून उभं असलेलं जुनं, छोटं मोटेल मात्र त्यांत आलंच तर विनोदापुरतं येतं: कुबट मोजे, बाथटबमधलं काळं पाणी, पिझ्झाची रिकामी खोकी. माझं म्हणणं असं की हे मोटेल म्हणजे वाटेवरची चैन नव्हे, आणि वाटेपासून काढलेला पळही नव्हे. आखलेली वाट सामान्य माणसाला प्रत्यक्ष चालता येते यात त्याचा वाटा जंगलातल्या निवाऱ्यांइतकाच मोठा आहे, आणि त्याची गणना वाटेतच व्हायला हवी.

हिशेब अन्नापासून सुरू होतो. दिवसभर डोंगर चढणारं-उतरणारं शरीर रोज चार-पाच हजार कॅलरी सहज जाळतं. सुकं अन्न निवडून घेतलं तरी दिवसाला पाऊण ते एक किलो भरतं. तंबू, स्लीपिंग बॅग, पाणी यांच्या जोडीला पाच दिवसांहून जास्त शिधा पाठीवर नेणं बहुतेकांना झेपत नाही, म्हणून दर तीन ते पाच दिवसांनी खाली उतरणं आलंच. डिक्स क्रीक खिंडीतून हायवासी गावाला, वाइंडिंग स्टेअर खिंडीतून फ्रँकलिनला, स्मोकी पर्वतातल्या न्यूफाउंड खिंडीतून गॅटलिनबर्गला. या खिंडींत डांबरी रस्ता वाटेला आडवा जातो आणि गाव तिथून १५ ते २५ किलोमीटर लांब असतं. गावात किराणा मिळतो, पण प्रश्न किराण्यानं सुटत नाही. उत्तरेकडे निघालेल्यांची गर्दी मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेच्या डोंगरांत असते. तेव्हा तिथे दिवसेंदिवस पाऊस लागतो आणि २,००० मीटर उंचीच्या कुवोही शिखराच्या आसपास बर्फही पडतो. पिसांची स्लीपिंग बॅग एकदा ओली झाली की ऊब देत नाही, आणि त्या हवेत ती जंगलात वाळतही नाही. ती वाळते ड्रायरमध्ये. कपड्यांचं तसंच. बहुतेकांकडे अंगावरचा जोड आणि झोपायचा एक, एवढेच कपडे असतात. दोन्ही मशीनमध्ये गेले की नेसायचं काय? म्हणून या गावांतल्या लाँड्रीत स्वच्छ उन्हाच्या दिवशीही रेनकोट घालून बसलेली माणसं दिसतात. जाणत्या मोटेलवाल्यानं यावर उपाय म्हणून जुन्या कपड्यांची टोपली ठेवलेली असते: वेळेपुरते घाला, जाताना परत टाका.

अशा बारीकसारीक सोयींनीच साधं मोटेल चालणाऱ्यांचं मोटेल होतं. पांढऱ्याशुभ्र टॉवेलांऐवजी चिखलाच्या बुटांसाठी वेगळी फडकी. दाराशी एक खोकं, ज्यात एकानं नको म्हणून ठेवलेलं ओटमील दुसरा उचलून नेतो. खिंडीपर्यंत पोचवणारी आणि खिंडीतून आणणारी गाडी. आणि ऑफिसात पार्सलांचं फळकूट. या शेवटच्या गोष्टीचं मोल बाहेरच्याला चटकन कळत नाही. अमेरिकन टपाल खातं वाटसरूंची पार्सलं गावच्या पोस्टात सांभाळून ठेवतं, पण लहान गावातलं पोस्ट शनिवारी दुपारी बंद होतं ते थेट सोमवारी उघडतं. शनिवारी संध्याकाळी डोंगर उतरलेल्या माणसाचे नवे बूट काउंटरपलीकडे कुलपात, आणि हा दोन दिवस गावात अडकलेला. तेच पार्सल मोटेलच्या पत्त्यावर मागवलं असेल तर रात्री दहालाही मिळतं, कारण मालक तिथेच मागच्या खोल्यांत राहतो.

मौज अशी की ही इमारत पायी चालणाऱ्यासाठी कुणी बांधलीच नव्हती. मोटेलचा जन्म मोटारीच्या पोटी झाला. या नावाची पहिली पाटी कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो इथे १९२५ मध्ये लागली, आणि कल्पना सरळ होती: गाडी खोलीच्या दारात उभी करा, लॉबी नको, हमाल नको, लिफ्ट नको. पुढची तीन दशकं जुन्या महामार्गांच्या कडेनं अशी मोटेलं उगवत राहिली. मग १९५६ च्या महामार्ग कायद्यानं आंतरराज्य महामार्गांचं जाळं आलं, वाहतूक गावाबाहेरून वळली, नव्या चौकांत साखळी हॉटेलं उभी राहिली आणि गावातल्या जुन्या रस्त्यावरची मोटेलं गिऱ्हाईकाची वाट पाहत बसली. त्यांतली कितीतरी पडली. डोंगरवाटेजवळची काही टिकली, आणि ती टिकण्याचं एक कारण त्यांच्या बांधणीतच होतं. बाहेर उघडणारा दरवाजा गाडीवाल्याच्या सोयीसाठी होता. तोच चिखलानं माखलेल्या, चार दिवस न धुतलेल्या माणसाच्या कामी आला. त्याला गालिचा घातलेल्या लॉबीतून आणि बंद कॉरिडॉरमधून जावं लागत नाही, त्याच्या वासानं इतर पाहुण्यांचा घास अडत नाही, आणि ओला तंबू खोलीबाहेरच्या कठड्यावर पसरता येतो. गाडी लावायच्या जागेत तो स्टोव्ह साफ करत बसतो. अमेरिकेतल्या लहान गावात गाडी नसलेला माणूस जवळपास पंगूच ठरतो. त्याला आसरा मिळतो तो नेमका गाडीसाठी बांधलेल्या इमारतीत.

या टिकण्यात आपल्या शेजारच्या गुजरातचाही हात आहे. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकेची दारं आशियाई स्थलांतरितांना खऱ्या अर्थानं उघडली आणि १९७० च्या दशकात, तेलसंकटानं रस्त्यावरचा धंदा बसला असताना, मूळच्या अमेरिकन मालकांना नकोशी झालेली ही मोटेलं गुजराती कुटुंबांनी, त्यातही पटेलांनी, घेतली. खोल्या झाडायला, चादरी बदलायला, रात्री ऑफिसात बसायला घरचीच माणसं. राहायचं तिथेच, त्यामुळे घरभाडंही नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांच्या संघटनेचा दावा आहे की आज अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं तिच्या सदस्यांची आहेत. या डोंगरांतल्या सगळ्याच मोटेलांचे मालक पटेल आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण पगारी व्यवस्थापकाला जे परवडत नाही ते घरच्या माणसांना परवडतं: रात्री दहाला पार्सल देणं, दोन डॉलरची घासाघीस, पहाटे सहाला खिंडीपर्यंतची फेरी.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत मोठ्यानं घेतला जाणारा आक्षेप शुद्धतेचा: रान अनुभवायला निघालात, मग दर चार दिवसांनी गादी आणि टीव्ही कशाला? इथे मूळ आराखडा पाहावा. १९२१ मध्ये बेंटन मॅके यानं ही वाट मांडली तेव्हा त्याच्या लेखात नुसती पायवाट नव्हती. निवाऱ्यांच्या जोडीला डोंगरात वसलेल्या छोट्या वसाहती होत्या, त्यांना धान्य-दूध पुरवणारी शेतं होती. शहरातल्या कामगारानं डोंगरात यावं, राहावं, तिथल्या माणसांत मिसळावं, अशी ती कल्पना. पुढे वाट १९३७ मध्ये पुरी जोडली गेली, वसाहती मात्र कागदावरच राहिल्या. तरीही वाट माणसांपासून तुटली नव्हती, कारण तिचा बराच भाग खाजगी जमिनीवरून, गाडीरस्त्यांवरून, शेतघरांच्या अंगणातून जायचा. १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूड या आजीबाई शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून एकट्यानं सगळी वाट चालून गेल्या, तेव्हा कित्येक रात्री त्या अनोळखी घरांत, पडव्यांत झोपल्या. १९६८ मध्ये वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला, १९७८ पासून सरकारनं तिच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी घेऊन संरक्षित पट्टा तयार केला आणि वाट रस्त्यांवरून उचलून डोंगरधारेवर नेली. ते योग्यच झालं. पण त्याची किंमत अशी की शेतघर दूर गेलं आणि पडवी दूर गेली. वाट जितकी रानात शिरली तितकी खालच्या मुक्कामाची गरज वाढली. शुद्धतावादी ज्या रानाचा अभिमान बाळगतात ते राखलं गेलं, त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निवारे आहेत ना, वाटेवर अडीचशेहून जास्त. गावात स्वस्त हॉस्टेलं आहेत. मग मोटेलच कशाला? हॉस्टेलचं महत्त्व नाकारायचं कारण नाही. एकट्या प्रवाशाला ते स्वस्त पडतं आणि सोबतही मिळते. पण या वाटेवर पोटाचा एक आजार वारंवार डोकं वर काढतो. नोरोव्हायरस. उलट्या-जुलाबांनी दोन-तीन दिवस माणूस आडवा होतो, आणि संसर्ग पसरतो तो एकाला एक लागून असलेल्या पथाऱ्यांत. हातांना लावायच्या ज्या अल्कोहोलवर सगळे विसंबतात त्याचा या विषाणूवर फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. तीन भिंतींच्या निवाऱ्यात ते नसतं. हॉस्टेलात असतं, पण एक न्हाणीघर आणि वर दहा माणसं. आजारी माणसाला स्वतःचं दार, स्वतःचा संडास आणि गरम पाणी देणारी परवडण्याजोगी जागा त्या गावात एकच असते. दुखावलेला गुडघा, पुढच्या राज्यांत गोचिडीनं होणारा लाइम रोग, यांनाही हेच लागू. शिवाय निवाऱ्यांवर गर्दी होते तेव्हा खालच्या खोल्यांत गेलेली प्रत्येक रात्र वरच्या जमिनीवरचा भार हलका करते.

आल्प्सचा दाखला देणारेही असतात: तिथे कशा डोंगरातच झोपड्या आहेत, जेवण-बिछान्यासह, तसं करा की. अमेरिकेत ते एका ठिकाणी केलेलं आहे. न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये अ‍ॅपलाचियन माउंटन क्लबच्या आठ झोपड्या आहेत. सर्वांत जुनी, मॅडिसन, १८८८ ची. जागा देखण्या, चालवणारी तरुण मंडळी उत्साही, ताजा शिधा अजूनही पाठीवरून वर जातो. पण माणशी रात्रीचे शंभर डॉलरहून कितीतरी जास्त मोजावे लागतात, जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि आज कुठवर पोचू हे ज्याला सकाळी ठाऊक नसतं त्याला ते कसं जमणार? भांडी घासून, झाडलोट करून जेवणघराच्या जमिनीवर झोपायची सोय मोजक्या सलग चालणाऱ्यांना मिळते. आणि एवढं करून या झोपड्यांत आंघोळीची सोय नाहीच. तिथूनही माणूस शेवटी लिंकन किंवा गोरहॅम गावात उतरतो. झोपडी रात्र भागवते. धुणं, वाळवणं, पार्सल आणि बाजार यांची मोट बांधायला गावच लागतं.

मालकाच्या बाजूनं पाहिलं तर हे गिऱ्हाईक फार लोभसवाणं नाही. दोघांचं भाडं भरून चौघं झोपतात, चादरींना डाग पडतात, न्हाणीत तंबू धुतले जातात, आणि हंगाम दक्षिणेत जेमतेम वसंतातल्या काही आठवड्यांचा. म्हणून बऱ्याच मोटेलवाल्यांनी दारं बंद केली, तर कुणी वाटसरूंसाठी ठरावीक जुन्या खोल्या बाजूला ठेवल्या, ज्यांत नवा गालिचा घालायचाच नाही. मला हा तोडगा पटतो. त्यात अपमान शोधणाऱ्यांनी त्या खोलीचं भाडं आणि नव्या खोलीचं भाडं शेजारी ठेवून बघावं. शिवाय हे गिऱ्हाईक येतं ते मार्चमध्ये, जेव्हा उन्हाळी पर्यटक नसतात आणि शरद ऋतूत रंगीत पानं पाहायला येणाऱ्यांना अजून सहा महिने असतात.

सह्याद्रीशी तुलना मनात येतेच. आपला ट्रेक बहुधा एका-दोन दिवसांचा. हरिश्चंद्रगडाला पाचनईत कुणाच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली, लेण्यात पथारी टाकली, दुसऱ्या दिवशी एसटीनं घर गाठलं. भिजलेले कपडे घरी वाळतात. लांबची रेंज करणारे देवळात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात झोपतात. प्रत्येक मुलुखात चालणाऱ्याला हाताशी असलेली इमारत मिळते. आपल्याकडे ती देऊळ आणि शाळा, त्यांच्याकडे मोटारयुगानं मागे टाकलेल्या खोल्या.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. लाकूडतोड संपली, गिरण्या गेल्या, आणि व्हर्जिनियातल्या डमॅस्कससारख्या हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावांनी आपला संसार वाटेवर उभारला. १९८७ पासून तिथे दर वसंतात वाटसरूंचा मेळा भरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळानं त्या गावात पूर आणला, सायकलवाल्यांचा आवडता व्हर्जिनिया क्रीपर मार्ग डमॅस्कसच्या वरच्या अंगाला उद्ध्वस्त केला, उत्तर कॅरोलायनातलं हॉट स्प्रिंग्ज पाण्याखाली घातलं. एका वाटेवर बेतलेलं गाव असं एका रात्रीत उघडं पडू शकतं. पण यावर 'मग मोटेलं नकोत' हा उपाय सुचवणारे ती जागा कशानं भरणार ते सांगत नाहीत. तिथे भरू पाहतात ती नूतनीकरण केलेली, तिप्पट भाड्याची, किमान दोन रात्रींची अट घालणारी सुट्टीची घरं. त्यांचा मालक बहुधा दुसऱ्या शहरात असतो, दाराला आकड्यांचं कुलूप असतं, आणि खिंडीत उभ्या असलेल्या माणसाला आणायला तिथून कुणी गाडी काढत नाही.