भूत खरं की भास?

गॉथिक कादंबऱ्यांतल्या भुतांचे ढोबळमानाने तीन प्रकार :

● खरंखुरं भूत : होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’त (१७६४) लग्नाच्या दिवशीच नवरदेव एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो, त्याच्या वडिलांचे तसबिरीतले आजोबा चौकटीबाहेर येतात, पुतळ्याच्या नाकातून रक्त गळतं.

● उलगडा होणारं भूत : ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’त (१७९४) काळा पडदा बाजूला सारताच नायिका एमिली बेशुद्ध पडते. पडद्यामागे प्रेत नव्हे, मेणाचा पुतळा होता, हे वाचकाला थेट शेवटाकडे कळतं.

● संशयातलं भूत : हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’त (१८९८) मुलांच्या शिक्षिकेला भुतं दिसतात, घरच्या कारभारणीला मात्र दिसत नाहीत. भूत की भ्रम, हा समीक्षकांचा वाद अजून मिटलेला नाही.