किंमत आणि मोल

'किंमत' आणि 'मोल' हे समानार्थी शब्द आहेत, असे वर्गात मी वर्षानुवर्षे बिनदिक्कत सांगत आलो. ही चूक उमगली ती इस्पितळाच्या व्हरांड्यात.

झाले असे, की आमच्या मेहुण्यांना जिना चढताना छातीत कळ येऊ लागली. तपासणीत हृदयाची एक रोहिणी अरुंद झालेली निघाली. तिच्यात स्टेंट, म्हणजे तारेची बारीक जाळीदार नळी, बसवायची भाषा सुरू झाली. बहीण डोळे पुसत म्हणाली, "दादा, भारीतली भारी बसवायला सांग. पैशाकडे पाहायचं नाही."

डॉक्टर अनुभवी होते. म्हणाले, "ताई, आधी ती हवी का, ते पाहू."

त्यांनी समजावले ते असे. हृदयविकाराचा झटका येऊन रोहिणी बंद पडली, तर ती तातडीने उघडून बसवलेली जाळी प्राण वाचवते. पण दुखणे स्थिर असेल, तर गोष्ट वेगळी. अशा २,२८७ रुग्णांची पाहणी अमेरिका व कॅनडात झाली. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या औषधांवर ठेवलेले आणि औषधांबरोबर रोहिणी रुंदावून घेतलेले, या दोन्ही गटांत मृत्यूचे व झटक्याचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. कळ मात्र दुसऱ्या गटात काही काळ अधिक कमी झाली.

म्हणजे जाळी तीच, रुग्ण बदलला की तिचे मोल बदलते!

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने साध्या जाळीचा कमाल भाव ७,२६० रुपये आणि औषधी लेपाच्या जाळीचा २९,६०० रुपये ठरवला. पूर्वी लाखाच्या वर मोजणाऱ्या कुटुंबांना केवढा दिलासा मिळाला! पण नको असलेली वस्तू स्वस्तातही महागच. म्हणून सार्वजनिक पैशाने उपकरणे घेणाऱ्यांनी भावाखेरीज आणखी विचारायला हवे : कोणत्या रुग्णासाठी? याहून साधा उपाय आहे का? पुढची औषधे, यंत्रणा, शिकलेली माणसे यांचा खर्च किती? आणि त्यातून सुखाचे दिवस किती वाढतील? अशा तपासणीसाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्येच स्वतंत्र व्यवस्था उभारली.

मेहुणे सध्या गोळ्या घेतात, रोज फिरतात. पुढे गरज पडलीच, तर जाळीही बसवू. यंदा फराळाला आले ते जिना सावकाश चढून, पण न थांबता.

आणि हो, समानार्थी शब्दांच्या प्रश्नात 'किंमत-मोल' या जोडीला मी आता पूर्ण गुण देत नाही.