फायरवॉल एक घ्यायची की दोन? आधी हे वाचा



समजा, जुना जालन्यात तुमचं बियाण्याचं होलसेल दुकान आहे. मृग लागलाय, काउंटरवर गर्दी आहे आणि नेमका फायरवॉलचा डबा बंद पडला. नेट गेलं. बिल निघत नाही, भरलेली गाडी दारात उभी. त्या एका दिवसाचं नुकसान किती? तो आकडा आधी कागदावर लिहा. दुसरा डबा घ्यायचा की नाही, ते त्यावरच ठरेल.

आधी एक डबा नीट लावा

फायरवॉल म्हणजे तुमच्या नेटचा वॉचमन. ओपीएनसेन्स हे सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टीमवर चालतं, २०१५ पासून आहे आणि फुकट मिळतं. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करा. बाहेरची लाइन वॅन पोर्टला, दुकानाचा स्विच लॅन पोर्टला. मग लगेच चार कामं:

१. कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. तो सगळ्या जगाला माहीत असतो.
२. अपडेट मारा.
३. टाइम झोन भारताचा ठेवा, घड्याळ नेटवरून जुळू द्या. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. वेळच चुकीची असेल तर ते लॉग काय कामाचे?
४. सेटिंगचा बॅकअप घेऊन डब्याबाहेर ठेवा.

घरून टॅली बघायचंय? व्हीपीएन वापरा. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट बाहेर उघडं ठेवू नका, रॅन्समवेअरवाले तेच दार शोधत असतात.

आता जोडी

दोन डब्यांना आपापला आयपी द्या, समजा शेवटचा आकडा २ आणि ३. तिसरा, १ नंबरचा आयपी दोघांचा सामाईक. दुकानातल्या कॉम्प्युटरना गेटवे म्हणून हा १ नंबरच द्यायचा. पहिला डबा गेला की कार्प नावाची पद्धत तो आयपी काही सेकंदांत दुसऱ्याकडे देते. दोघांमध्ये एक वेगळी केबल टाका. तिच्यावरून पीएफसिंक चालू कनेक्शनची नोंद पाठवत राहतं, म्हणून कामं सहसा तुटत नाहीत.

वॅनकडेही साधारण असेच तीन स्थिर आयपी लागतात. खरेदीआधी तुमच्या नेटवाल्याला विचारा.

आणि लक्षात ठेवा, लाइनच तुटली तर दोन डबे असूनही उपयोग नाही. तिथे दुसरी लाइन हवी. दोन्ही डबे एकाच यूपीएसवर असतील, तर तो गेला की दोन्ही गेले.

शेवटी परीक्षा: सीझनच्या आधी, एखाद्या रविवारी, बिल बनवता बनवता पहिल्या डब्याचा प्लग स्वतः काढा. बिल निघालं तर जोडी जमली!

नुकसानीचा आकडा लहान आला? मग एकच डबा, सोबत बॅकअप आणि कपाटात एक साधा राउटर. तेवढं पुरेसं आहे.